गोळीचं पाकीट आणि चार प्रश्न

(मंडळाच्या श्रावणातल्या महिला मेळाव्यात आम्ही दोघांनी, नवरा-बायकोनं मिळून, केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



आम्ही दोघंही फार्मासिस्ट. इंदूरलाच शिकलो, इथेच औषधांचं दुकान टाकलं, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्या घरांची बीपीची, थायरॉइडची, सांधेदुखीची औषधं आमच्याच दुकानातून जातात. तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही.

श्रावण लागला की आमच्या काउंटरवर एक ठरावीक वाक्य ऐकू येऊ लागतं. आवाज खाली आणून, आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना हे पाहून ते म्हटलं जातं, "गौरी येतायत, ती पुढे ढकलायची गोळी द्या ना." कधी सूनबाई येतात, कधी सासूबाई सुनेसाठी येतात, कधी नवऱ्याच्या हातात चिठ्ठी असते. गोळी पिशवीत पडते, पैसे दिले जातात, संपलं. तीस सेकंदांचं काम.

या तीस सेकंदांबद्दलच आज आम्हाला बोलायचं आहे. पाळी लांबवायच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, 'काही झालं तर' म्हणून घ्यायच्या गोळ्या, या सगळ्या आपल्याकडे अशाच विकल्या जातात. विकणारा विचारत नाही, घेणारी सांगत नाही. ही चूक आमच्याही हातून झाली आहे. म्हणून आधी आमचीच गोष्ट सांगतो.

कागदात बांधलेलं पाकीट

दुकान सुरू करून काही वर्षं झाली होती. जवळच्या गल्लीतला एक मुलगा, असेल नऊ-दहा वर्षांचा, दर महिन्याला चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठीवर एकच शब्द, माला-डी. आम्ही पाकीट वर्तमानपत्राच्या कागदात बांधायचो, मुलाच्या हातात एक गोळी-चॉकलेट ठेवायचो. आपण किती समजूतदार आहोत, काही न विचारता देतो, बाईची लाज राखतो, असंच आम्हाला वाटायचं.

एके दिवशी ती स्वतः आली. दुपारची वेळ, दुकानात कोणी नव्हतं. म्हणाली, "भैया, एक दिवस चुकवली नाही हो. तरी दिवस गेले. गोळी खोटी होती का?"

आम्ही घाबरलो. बॅच नंबर पाहिला, मुदत पाहिली, गोळ्या ठेवलेलं कपाट पाहिलं. सगळं ठीक होतं. मग पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. "दुसरी काही औषधं चालू आहेत का?"

मानेला गाठी आल्या होत्या, टीबी निघाला होता. सरकारी केंद्रातून फुकट औषध मिळत होतं, ती नेमानं घेत होती. त्यातल्या रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, हे तिला तिथे सांगितलेलं होतं. पण तेच रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन शरीरातून भराभर निघून जातात आणि गोळी निकामी होते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिकडे गर्भनिरोधक गोळीचं तिनं सांगितलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतं. इकडे टीबीचं सांगितलं नव्हतं, कारण आम्हीही विचारलं नव्हतं.

आम्ही तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढे त्या घरानं काय ठरवलं ते त्यांचं, ते आम्ही इथे सांगणार नाही. पण त्या रात्री दुकान बंद करताना आम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोललो नाही. ही माहिती आम्ही पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिली होती. ती उपयोगी पडायची एकमेव वेळ आली, तेव्हा आम्ही पाकिटाला दोरा बांधत होतो.

लाज कोणाची, धोका कोणाला

आपण मराठी माणसांनी तरी या विषयाला इतकं लाजू नये. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचे प्राध्यापक होते, या कामापायी नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यातल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या पाठीशी राहिल्या. तेव्हा गर्भनिरोधक गोळी अस्तित्वातही नव्हती, ती अमेरिकेत १९६० मध्ये मंजूर झाली. शंभर वर्षांपूर्वी त्या दोघांनी जे उघडपणे बोलायचं धाडस केलं, ते आज आपल्याला औषधाच्या दुकानातही जमत नाही.

आणि आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मंडळींची एक खास अडचण आहे. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. दुकानदार आपल्यातला, त्याची आई भजनी मंडळात, त्याची बहीण आपल्या नणंदेची मैत्रीण. म्हणून आपल्या मुली-सुना बीपीची गोळी आमच्याकडून घेतात आणि गर्भनिरोधक गोळी घ्यायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोण्या अनोळखी दुकानात जातात. ज्याला बीपीचं माहीत आहे त्याला गोळीचं माहीत नाही, आणि ज्याला गोळीचं माहीत आहे त्याला बीपीचं नाही. धोका नेमका या दोन दुकानांच्या मधे राहतो.

चार प्रश्न

आता मुद्द्याचं. माला-डी, सरकारी केंद्रात फुकट मिळणारी माला-एन, आणि बाजारातल्या त्यांच्यासारख्या बऱ्याचशा गोळ्यांत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन. गोळी चांगली आहे. नेमानं घेतली तर वर्षभरात शंभर जणींपैकी एकीलाही क्वचितच दिवस जातात. रोजच्या धावपळीत, विसरत-आठवत घेतली तर शंभरात साधारण सात जणींना जातात. पण ती प्रत्येकीसाठी नाही. म्हणून पहिलं पाकीट देताना फार्मासिस्टनं चार प्रश्न विचारायलाच हवेत. त्यानं विचारले नाहीत तर तुम्ही आपणहून उत्तरं द्या.

पहिला प्रश्न, वय किती आणि तंबाखू आहे का? पस्तिशीच्या पुढे आणि सिगारेट-विडी ओढणारी असेल तर ही गोळी नको. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. "आमच्यात कोण ओढतं?" असं म्हणून हसू नका. काळ बदललाय, आणि विचारल्याशिवाय कळत नाही. मिश्री, गुटखा असेल तर तेही सांगा.

दुसरा, बीपी किती? १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर ही गोळी घेऊ नये. आम्ही दुकानात बीपीचं मशीन ठेवलंय, दोन मिनिटं लागतात. याच प्रश्नात पुढचंही येतं. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हृदयाचा, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग झाला होता का, आणि अर्धशिशी आहे का. अर्धशिशीत डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा, नागमोडी उजेड दिसत असेल तर या गोळ्या अजिबात नकोत. साधी डोकेदुखी वेगळी आणि ही वेगळी. हा फरक बाई स्वतःहून सांगत नाही, कारण तिला तो महत्त्वाचा वाटत नाही.

तिसरा, बाळ अंगावर पितं का? बाळंतपणानंतरचे पहिले सहा महिने, अंगावर पाजत असताना, दोन हार्मोनची गोळी टाळतात. त्या काळासाठी एकाच हार्मोनची गोळी, तांबी, असे दुसरे पर्याय आहेत. आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली सेंटक्रोमॅन ही गोळीही आहे. 'सहेली' नावानं ती बाजारात आली आणि सरकारी केंद्रात 'छाया' नावानं मिळते. तिच्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा घ्यायची. पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी. रोजच्या गोळीची सवय असलेल्या बाया ती रोज घेतात किंवा पहिल्या महिन्यापासूनच आठवड्याला एक घेतात, म्हणून आम्ही पाकिटावरच वार लिहून देतो. तिच्यामुळे पाळी कधीकधी उशिरा येते, हेही आधीच सांगतो, नाहीतर घरात उगाच घाबरगुंडी उडते.

चौथा प्रश्न, आमचा दुखरा प्रश्न. दुसरी कोणती औषधं चालू आहेत? टीबीचं रिफाम्पिसिन, फिटच्या आजारावरचं फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन, ही औषधं गोळी निकामी करतात. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही चार आठवडे त्याचा परिणाम राहतो. फिटसाठी लॅमोट्रिजिन चालू असेल तर उलटंच होतं. गर्भनिरोधक गोळी त्याचा जोर कमी करते आणि फिट येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय ठरवायचा. सर्दी-खोकल्याला देतात त्या नेहमीच्या अँटिबायोटिकांनी गोळी बिघडत नाही. मात्र उलट्या-जुलाब जोराचे झाले तर गोळी अंगी लागत नाही, हे लक्षात ठेवायचं.

विसरली तर

आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. पाकिटात २१ हार्मोनच्या गोळ्या आणि सात लोहाच्या, अशा २८ असतात. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करायची, रोज ठरावीक वेळी घ्यायची. रात्री जेवणानंतर, देवापुढे दिवा लावताना, दात घासताना, ज्या कामाला खाडा नसतो त्या कामाशी जोडून टाकायची.

एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, पाकीट पुढे चालू ठेवा, आणि पुढचे सात दिवस कंडोम वापरा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल तर उरलेल्या हार्मोनच्या गोळ्या संपवून, लोहाच्या सात वगळून, सरळ नवं पाकीट सुरू करा. पहिल्या आठवड्यात झाली असेल आणि त्या दिवसांत संबंध आला असेल, तर थेट फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना गाठा. लोहाच्या गोळ्या विसरल्या तर गर्भाचा धोका नाही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने थोडं मळमळणं, मधेच डाग दिसणं होतं. त्याला भिऊन पाकीट अर्ध्यावर सोडू नका. पण काही लक्षणं अशी आहेत की त्यांना थांबायला वेळ नाही. छातीत दुखणं किंवा अचानक दम लागणं, एकाच पोटरीला सूज आणि कळ, पूर्वी कधी न झालेली भयंकर डोकेदुखी, अचानक अंधुक दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं, पोटात असह्य दुखणं. यातलं काही झालं तर गोळी थांबवा आणि तडक इस्पितळात जा. मी अमुक गोळी घेते, हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा. हे क्वचितच होतं. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला दोघींना गुठळी होते, माला-डीसारख्या गोळीवर पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका त्याहून अधिक असतो. तेव्हा घाबरायचं कारण नाही, माहिती मात्र हवी.

दोन वेगळ्या गोळ्या, एक गैरसमज

काउंटरवर बरेचदा तरुण मुलं येतात आणि म्हणतात, "ती बहात्तर तासांवाली द्या." ही इमर्जन्सी गोळी, चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर जितकी लवकर घेतली तितकी चांगली, बहात्तर तास ही शेवटची हद्द समजायची. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी एखादा आठवडा पुढे-मागे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भाची तपासणी करायची. ती पुढच्या दिवसांचं संरक्षण करत नाही, आणि महिन्यातून चार वेळा घेण्यासाठी ती बनलेलीच नाही. एकच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा आलं तर आम्ही हळूच म्हणतो, "बेटा, यापेक्षा चांगला आणि स्वस्त उपाय आहे, सांगू का?" दहातले सहा-सात जण ऐकून घेतात.

ही गोळी गर्भपात करत नाही. गर्भपाताच्या गोळ्या पूर्ण वेगळ्या आहेत, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात आणि कायदाही तसाच आहे. आपल्या देशात १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे, त्यामुळे लपूनछपून गोळ्या आणायची गरजच नाही. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटते आणि बाई जिवाला मुकू शकते. म्हणून कोणीही, अगदी आमच्या सख्ख्या नात्यातलं, "डॉक्टरकडे न जाता द्या" म्हणालं तरी आम्ही देत नाही. यावरून नाती दुखावली आहेत. दुखावू देत.

गौरींच्या गोळीबद्दल

आता सुरुवातीला सोडलेला धागा. पाळी पुढे ढकलावी की नाही, विटाळ मानावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आम्ही औषधवाले, त्यात पडत नाही. पण गोळीबद्दल चार गोष्टी सांगणं आमचं काम आहे.

ही नोरेथिस्टेरॉनची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ती पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. डाग दिसायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही, म्हणून आदल्या दिवशी धावत येऊ नका. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. त्या डोसात ती गर्भनिरोधक नाही, त्यामुळे 'गोळी चालू आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी तपासणी करा. आणि गुठळीचा इतिहास असलेल्या बाईला ही गोळीही धोक्याची आहे. जिला साधी वाटते म्हणून मैत्रिणीच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या घेतल्या जातात, तिनं तर हे जरूर ऐकावं.

ज्या आधीच माला-डीसारखी गोळी नेमानं घेतात त्यांना वेगळ्या गोळीची गरजही नसते. लोहाच्या सात गोळ्या वगळून लगेच नवं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते. हे दर वर्षी कितीतरी जणींना सांगतो आणि त्या म्हणतात, "इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?"

आमच्या दुकानात काय बदललं

त्या घटनेनंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. काउंटरच्या एका टोकाला पडदा लावून दोन खुर्च्या ठेवल्या. तिथलं बोलणं दुकानात ऐकू येत नाही. एक वही ठेवली, जिच्यात नियमित घेणाऱ्या बाईची इतर औषधं आणि बीपी लिहितो. ती वही कुलपात असते, नोकर पोरांच्या हाती लागत नाही. आणि आमच्यापैकी एक जण नेहमी असेल, शक्यतो बाई असेल, अशी वेळ ठरवली, दुपारी तीन ते पाच. चिठ्ठी घेऊन मूल आलं तर गोळी देतो, पण कागदावर लिहून पाठवतो, 'एकदा येऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे.' बहुतेक जणी येतात.

काही जणी रागावल्याही. "गोळी मागितली, उलटतपासणी कशाला?" असं म्हणून दुसऱ्या दुकानात गेल्या. त्यातली एक वर्षभरानं परत आली. बीपी मोजलं तर १५० च्या वर. ती दुसरीकडून तीच गोळी घेत होती. डॉक्टरांनी तिची गोळी बदलली, तांबी बसवली. आता ती येते तेव्हा आधी हात पुढे करते, म्हणते, "मोजा."

तुमच्याकडे आमची मागणी थोडी आहे. कोणत्याही दुकानातून घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही. पण घरातली चालू औषधं एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, आणि तो कागद डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला दाखवा. मुलगी लग्न होऊन जाताना भांडीकुंडी देता, तसा हा कागदही द्या. पुरुष मंडळींनी गोळी आणायला जरूर यावं, पण बायकोची औषधं कोणती हे ठाऊक करून यावं. आणि ओळखीच्या दुकानदाराची भीती वाटत असेल तर त्याला सरळ विचारा, "हे तुमच्यातच राहील ना?" जो हो म्हणेल आणि तसं वागेल, तोच तुमचा फार्मासिस्ट.

ती बाई अजूनही आमच्या गल्लीजवळच राहते. तिचा तो मुलगा आता मोठा झालाय, गणपतीत ढोल वाजवतो. मागच्या वर्षी तो दुकानात आला, लग्न नुकतंच झालेलं. म्हणाला, "काका, आई म्हणाली, आधी तुमच्याशी बोलून घे." आम्ही पडदा सरकवला आणि दोघांना खुर्च्या दिल्या.

गणपती बाप्पा मोरया!